पुलावर बसणारी मोटार

हिराशेठ मढवी पेट्रोल चाखत असत.

यात काडीचीही अतिशयोक्ती नाही. मोटारीच्या टाकीत बांबूची काठी बुडवायची, काठीच्या टोकाचा थेंब बोटावर घ्यायचा, बोट जिभेच्या शेंड्याला लावायचे, डोळे मिटायचे, मग शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या पायांची फारशी फिकीर न करता थुंकायचे आणि निकाल जाहीर करायचा. "बरा हाय." किंवा, "घासलेट मारलाय मेल्यानं." वाशीच्या पंपावरचा माणूस त्यांची गाडी वळताना दिसली की हातातली नळी खाली ठेवून आधीच शपथ घेऊ लागे.

चाखणे पेट्रोलवर थांबत नसे. इंजिनातले तेल, रेडिएटरचे पाणी, प्लगवरची काजळी, सगळ्यांना त्या जिभेपुढे हजर व्हावे लागे. एकदा त्यांनी बॅटरीतले पाणी चाखले. त्यानंतर काही दिवस ते पेजेवर होते आणि खुणांनी बोलत होते. बरे झाल्यावर मी चौकशी केली, तेव्हा त्यांनी शांतपणे अभिप्राय दिला, "तिखट हाय."

या सवयीचे मूळ मिठागरात होते. हिराशेठचे अर्धे आयुष्य खाडीकाठच्या मिठागरात गेले होते. वाफ्यातल्या पाण्याचा थेंब जिभेवर ठेवून मीठ कधी धरेल ते ते सांगत, आणि मीठ मुकाट्याने त्या दिवशी धरत असे. पुढे नवे शहर आले. मिठागरे गेली, भाताची खाचरे गेली, त्यांच्या जागी सेक्टर आले आणि सेक्टरांना नावांऐवजी आकडे आले. जीभ मात्र होती तशीच राहिली. "मानूस खोटा बोलंल, कागद खोटा बोलंल," हिराशेठ म्हणत, "जीब नाय बोलनार."

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी त्यांच्या घरात, माडीवरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. जवळच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात पंपांच्या देखभालीचे काम माझ्याकडे होते. पदवी ताजी होती. त्या वयात प्रश्न पुरता विचारून होण्याआधीच मला उत्तर येत असे, आणि ते मला बुद्धीचे लक्षण वाटे. आज पन्नाशी ओलांडल्यावर ते कशाचे लक्षण होते हे मला कळते. पण तो विषय पुढे येईलच. हिराशेठ मला नावाने कधी हाक मारत नसत. "अरे इंजनेर" म्हणत आणि सरळ अरेतुरे करत. मला ते आवडत असे. नव्या शहरात मला अरेतुरे करणारे दुसरे कोणी नव्हते.

जमिनीचा मोबदला हाती आला, तेव्हा गावातल्या बहुतेकांनी मोटारसायकली घेतल्या. हिराशेठना मोटारसायकल मान्य नव्हती. "ती गारी नाय, दोन चाकांवरचा भांडन हाय," असे त्यांचे मत. त्यांच्या बोलीत गाडीची 'गारी' होत असे. त्यांनी पनवेलच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या गोठ्यात पडून असलेली, महायुद्धाच्या आधीची एक काळी विलायती मोटार विकत घेतली. खेकड्याच्या डोळ्यांसारखे बाहेर आलेले दिवे, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला लांबच लांब फळ्या, आणि आत कोंबड्या. "कोंबऱ्या उतरल्या आनी आमी चरलो," हा त्या खरेदीचा इतिहास ते एका वाक्यात सांगत.

गाडीचा थाट मोठा होता. पुढे लिंबू-मिरची, आरशाला शंखांची माळ. आणि मागे, पेट्रोलच्या टाकीच्या गोल पितळी झाकणावर, कुंकवाचा जाड थर. दर मंगळवारी हिराशेठ आंघोळ करून, ओल्या धोतरानिशी तिथे तेलात कालवलेले कुंकू लावत. थरावर थर बसून त्याची पुरणपोळीएवढ्या जाडीची खपली झाली होती. मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा कोणीतरी गाडीवर लाखेची मोहोर मारली आहे असेच मला वाटले होते. झाकण उघडताना हिराशेठ ते कडेने तीन बोटांत धरून अलगद फिरवत आणि उपरण्यावर उताणे नव्हे, सरळच ठेवत. माडीच्या गॅलरीतून मी हे पाहत असे आणि, सांगायला संकोच वाटतो, हसत असे.

या गाडीला एकच रोग होता. ती पुलावर बसे.

घरून निघाली की ती छान निघे. गावदेवीच्या देवळापाशी भोंगा वाजवी, वाशीच्या बाजारातून ऐटीत जाई, खाडीच्या पुलावर चढे, आणि पुलाच्या मध्यावर दोन आचके देऊन थांबे. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो, तेव्हाही असेच झाले.

"शेठ, बंद पडली," मी म्हणालो.

हिराशेठनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्यांच्या घरातल्या बाईमाणसाविषयी काही वावगे बोललो होतो. "बंद परायला ती काय गिरनी हाय? बसलीय. उठंल."

मग ते उतरले. मागे जाऊन झाकण काढले, काठी बुडवली, थेंब चाखला, "बरा हाय" म्हणाले, झाकण लावले आणि येऊन बसले. गाडी पहिल्या दमात सुरू झाली. मी थक्क झालो. हिराशेठ झाले नाहीत. त्यांनी गाडी पुलावरच वळवली (तेव्हा पुलावर गाडी वळवण्याइतकी मोकळीक असे) आणि घराची वाट धरली.

"पलीकडे नाही जायचं?"

"तिना नाय जायाचा. पल्याड तिचा कोन हाय?"

अशा रीतीने ती मोटार त्यांच्याकडे आल्यापासून बरीच वर्षे झाली, तरी मुंबईला गेली नव्हती. आधी मधूनच कधीतरी बसे. मी आलो त्या सुमारास नेमाने बसू लागली होती. गावात याविषयी तीन मते होती. गावदेवी तिला शीव ओलांडू देत नाही, हे वडीलधाऱ्यांचे. गाडी भंगार आहे, हे तरुणांचे. आणि पेट्रोल चाखले की ती सुरू होते, तेव्हा शेठच्या जिभेतच काहीतरी आहे, हे उरलेल्या सगळ्यांचे. या तिसऱ्या मताचा हिराशेठनी कधी प्रतिवाद केला नाही.

हे असेच चालले असते. पण त्यांच्या एकुलत्या एका मुलीचे, वनिताचे, लग्न ठरले, आणि मुलगा निघाला चेंबूरचा. म्हणजे पुलापलीकडचा.

वराकडच्यांनी निरोप पाठवला, की नवरीला न्यायला आमची पांढरी मोटार येईल. हिराशेठनी उलट निरोप धाडला, "मोटार येऊ दे, जेवून जाऊ दे. माजी पोर माज्या गारीन् जानार."

हिराशेठची बायको चार वर्षांपूर्वी, मी तिथे राहायला येण्याआधीच, गेली होती. भिंतीवरच्या फोटोपलीकडे मी तिला ओळखत नव्हतो. घरात वडीलकी होती ती हिराशेठच्या थोरल्या बहिणीची, गंगूआत्याची. नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा तिच्याबरोबर माहेरची एखादी जाणती बाई पाठराखीण म्हणून जाते, चार दिवस राहते, पोरीला एकटे वाटू देत नाही. आई नाही म्हटल्यावर हा मान आपला, याविषयी गंगूआत्याच्या मनात शंका नव्हती. तिने नवे लुगडेसुद्धा आणले होते.

"हिऱ्या, मी जातंय पाठराखीन," ती ताटावर बसल्या बसल्या म्हणाली.

"ठरलीय," हिराशेठ म्हणाले.

"कोन ठरलीय? मना न विचारता?"

"ठरलीय म्हनलं ना. तू जेव."

"नाव सांग ना तिचा! कोन ती महारानी?"

"भात घे थोरा."

गंगूआत्याने भात घेतला, पण तो असा कालवला, की भाताची मला कीव आली. नाव काही शेवटपर्यंत बाहेर आले नाही.

त्याच आठवड्यात वनिता माडीवर आली. वाशीच्या कॉलेजात शिकलेली, बोलायला चटपटीत मुलगी. मला दादा म्हणत असे.

"दादा, ती गाडी पुलावर बसली ना, तर बँडवाले हसतील, ठीक आहे. पण सासूबाई म्हणतील, नवरी निघाली आणि गाडी अडली. अपशकुन म्हणतील. मला आयुष्यभर ऐकावं लागेल. मला फार टेन्शन आलंय."

"शेठना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, उठंल. तुम्ही इंजिनियर आहात ना? मग करा ना काहीतरी. हळदीच्या आधी एकदा तरी ती न बसता पूल पार झाली पाहिजे. नाही झाली तर मी त्यांच्या पांढऱ्या गाडीत बसणार. बाबांना काय वाटायचं ते वाटो." हे शेवटचे वाक्य बोलताना तिचे डोळे भरले, तेव्हा बाबांना काय वाटेल याचीच तिला चिंता आहे, हे मला कळले. तेवढे मला त्या काळीही कळत असे.

मी काम हाती घेतले. खात्रीने घेतले. इंजिन गरम झाले की पंपात पेट्रोलची वाफ होते आणि वाफ पुढे सरकत नाही, असे माझे निदान होते. औषध सोपे. पुलावर गाडी बसली की पेट्रोलच्या पंपावर ओले फडके ठेवायचे. आम्ही निघालो. गाडी बसली. मी ओले फडके ठेवले. हिराशेठनी नेहमीप्रमाणे मागे जाऊन चाखले. गाडी सुरू झाली. मी विजयी मुद्रेने पंप पूर्ण ओल्या गोणपाटात गुंडाळला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बसली, त्याच ठिकाणी, गोणपाटासकट.

मग मी म्हणालो, कॉइल तापते. कॉइल बदलली. गाडी बसली, हिराशेठनी चाखले, सुरू झाली. मग मी हिराशेठना कळंबोलीला घेऊन गेलो. तिथल्या ट्रकांच्या अड्ड्यावर बलबीर नावाचा मिस्त्री होता. त्याने बॉनेट उघडले, बराच वेळ आत पाहिले आणि हात जोडले.

"शेठ, ये गाडी नहीं, दादी है."

"दादी हाय तं दादीला दवा दे," हिराशेठ म्हणाले.

बलबीरने कार्बोरेटर उतरवून धुतला, प्लग बदलले, पेट्रोलची नळी फुंकून साफ केली. इंजिन असे गुणगुणू लागले, की अड्ड्यावरच्या ट्रकवाल्यांनी चहा सोडून टाळ्या वाजवल्या. कळंबोलीहून परतताना ती वाटेत एकदा बसली. बलबीर सोबत होता. त्याने कार्बोरेटरवर दोन थपडा मारल्या, हिराशेठनी चाखले, गाडी सुरू झाली, आणि बलबीर म्हणाला, "देखा? फ्लोट अटक रहा था." कार्बोरेटरातला तरंगता गोळा अडकतो, या आपल्या निदानावर त्याचा माझ्याइतकाच विश्वास होता. आज विचार करताना वाटते, आम्ही जे जे केले ते ते बरोबर ठरत होते, आणि गाडी काही दुरुस्त होत नव्हती. यात काहीतरी खोट आहे, हे दोन शिकलेल्या डोक्यांना दिसले नाही.

उलगडा झाला तो रश्श्यामुळे.

हळदीच्या जेवणासाठी आचारी ठरवायचा होता. आगरी लग्नात हळदीच्या मटणावर घराण्याची अब्रू असते, त्यामुळे परीक्षा हिराशेठ स्वतः घेणार हे उघड होते. त्यांनी उकळत्या टोपातून डाव उचलला आणि सरळ तोंडाला लावला. आचारी पास झाला. जीभ भाजली.

त्याच दुपारी शेवटची फेरी होती. हळद दुसऱ्या दिवशी. वनिता दारात उभी राहून आम्हाला पाहत होती. गाडी निघाली, देवळापाशी भोंगा झाला, बाजार झाला, पूल आला, आणि मध्यावर ती बसली.

मी गोणपाट भिजवले. कॉइलवर फुंकर घातली. बलबीरप्रमाणे कार्बोरेटरला दोन थपडाही मारल्या. गाडी ढिम्म. हिराशेठ खाली उतरून उभे होते, पण जीभ सुजलेली असल्यामुळे ते मागे गेले नाहीत. "उथंल," एवढेच कसेबसे म्हणाले. वाट पाहिली. इंजिन थंड झाले. तरीही उठली नाही. अखेर हिराशेठ पुलाच्या वाशीकडच्या टोकाला निघाले. तिथे थांबलेल्या एखाद्या ट्रकवाल्याकडून ओढायला दोर मिळतो का ते पाहायला. त्यांची चाल त्या दिवशी पहिल्यांदाच मला म्हाताऱ्या माणसाची वाटली.

मी एकटा उरलो. करण्यासारखे काहीच राहिले नव्हते, म्हणून टाकीत पेट्रोल तरी आहे ना ते पाहावे म्हणून मागे गेलो आणि झाकण फिरवले.

टाकीने श्वास घेतला. सूं करून, खोल, बुडता माणूस वर आल्यावर घेतो तसा.

आणि मला सगळे एकदम कळले. घासलेटच्या डब्याला एकच भोक पाडले तर घासलेट येत नाही. आत हवा जायला दुसरे भोक लागते. पेट्रोल जसजसे इंजिनाकडे जाते, तसतशी टाकीत हवा शिरावी लागते. त्यासाठी झाकणाच्या मधोमध सुईएवढे भोक असते. ते कुंकवाखाली गाडले गेले होते. घरापासून पुलाच्या मध्यापर्यंत जाईतो टाकीतली हवा इतकी ओढली जाई, की पेट्रोल पुढे सरकतच नसे. आणि हिराशेठ चाखायला झाकण उघडत, तेव्हा हवा आत जाई. पेट्रोल चाखल्याने गाडी खरोखरच सुरू होत होती! गावाचे तिसरे मतच सत्याच्या सर्वांत जवळ होते.

त्या आनंदात मी काय केले ते लिहितो. खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला, झाकण पुलाच्या कठड्यावर ठेवले आणि खरवडू लागलो. खपली टणक होती. वरचे थर लालभडक होते, खालचे काळपट, लाखेसारखे. तुकडे निघाले ते मी फुंकर मारून उडवले. काही रस्त्यावर पडले, बरेचसे खाडीत गेले. मग रुमाल पेट्रोलमध्ये भिजवून पितळ घासले. भोक मोकळे झाले. झाकण नवे दिसू लागले.

हिराशेठ खांद्यावर दोर घेऊन परत आले, तेव्हा मी ते झाकण उंच धरले. "बघा शेठ! आरशासारखं!"

त्यांनी झाकणाकडे पाहिले. मग कठड्याकडे पाहिले. दोर खांद्यावरून उतरवायला त्यांना बराच वेळ लागला.

गाडी सुरू झाली. पूल पार करून आम्ही मानखुर्दपर्यंत गेलो आणि न थांबता परत आलो. मोटार आल्यापासून पहिल्यांदाच ती पलीकडे गेली होती. संपूर्ण वाटेवर मी हवेचा दाब या विषयावर बोलत होतो. हिराशेठ गाडी चालवत होते. जीभ भाजली आहे म्हणून ते गप्प आहेत, असे मी धरून चाललो.

घरी उतरल्यावर ते म्हणाले, "चांगला केला साहेब तुमी."

जिना चढून वर गेलो, चपला काढल्या, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले. साहेब. आणि तुमी.

थोड्या वेळाने वनिता वर आली. आनंदाने आली असेल म्हणून मी बोलायला तोंड उघडले, पण तिचा चेहरा तसा नव्हता.

"दादा, झाकणावरचं कुंकू?"

मी सांगितले. शास्त्र सांगितले, भोक सांगितले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "ते आईचं होतं."

तिने सांगितले ते असे. गाडी घरी आली त्या दिवशी आईने तिला ओवाळले आणि बॉनेटवर कुंकू लावले. इंजिनाच्या तापाने ते करपले. आई म्हणाली, सुनेला कुणी तापल्या कपाळावर कुंकू लावते का. हिच्या पाठीवर लावू या, गार राहील. पावसात वाहून जाऊ नये म्हणून तेलात कालवून दर मंगळवारी लावू लागली. ती गेल्यावर हिराशेठनी तोच नेम पुढे चालवला, पण खालचे कधी पुसले नाही. आपले बोट ते तिच्या बोटावर टेकवत गेले.

"वरचे थोडे थर बाबांचे. खालचे सगळे आईचे," वनिता म्हणाली. "आत्याला ते सांगत होते ना, पाठराखीण ठरलीय म्हणून..."

पुढे तिला बोलता आले नाही. त्या दिवशी मात्र मी तिचे वाक्य मनातसुद्धा पुरे केले नाही.

क्षमा मागायला मी त्या संध्याकाळी खाली गेलो. हळदीच्या दिवशी पुन्हा गेलो. दोन्ही वेळा शब्द तयार होते आणि दोन्ही वेळा त्यांत एक 'पण' होता. चुकलं, पण भोक बुजलं होतं. चुकलं, पण मला ठाऊक नव्हतं. 'पण'नंतरचे सगळे खरे होते आणि तरी ते हिराशेठपुढे तोंडातून निघेना. त्यांनी मला दोन्ही वेळा पाट दिला, वाढायला लावले आणि म्हटले, "जेवा साहेब."

लग्न सकाळचे होते. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, पाठवणीची वेळ झाली. वराकडची पांढरी मोटार फुलांनी सजून मांडवापुढे उभी होती. हिराशेठ म्हणाले, "पोरीला यांच्याच गारीन् जाऊ द्या. सफेत हाय. बरी दिसते." ते इतक्या सहज म्हणाले, की गंगूआत्यालासुद्धा भांडायला जागा सापडली नाही.

वनिता मांडवातून उठली आणि घरात गेली. बाहेर आली ती आईचा कुंकवाचा करंडा आणि समईतले तेल घेऊन. शालूचा पदर सावरत ती आमच्या काळ्या गाडीमागे जाऊन वाकली. "दादा, भोक कुठंय नक्की?" मी नखाने दाखवले. तिने अनामिकेने त्या भोकाभोवती कुंकवाचे नीट एक कडे काढले. मधले पितळ तेवढे मोकळे ठेवले. मग जाऊन मागच्या सीटवर बसली.

"बाबा, चला. मला त्यांच्या गाडीत मळमळेल."

"अजून बसलीसुद्धा नाहीस त्यांच्या गाडीत," नवरा म्हणाला.

"म्हणूनच," वनिता म्हणाली. नवरा मुकाट्याने तिच्या शेजारी येऊन बसला. दुसरे दार उघडून गंगूआत्या नव्या लुगड्यानिशी आत घुसली. "सरका रे. ठरलेली येवो नायतर न येवो, मी बसलंय."

हिराशेठनी एकदा मागे वळून तिघांकडे पाहिले आणि गाडी सुरू केली. मला त्यांनी पुढे बसायची खूण केली. पुलावर बँडच्या टेंपोतले लोकसुद्धा वाजवायचे थांबले होते. मध्य आला, मध्य गेला. गंगूआत्या म्हणाली, "गेली गो बाय!" आणि मागून एकदम सनई-ढोल सुरू झाले.

परतताना आम्ही दोघेच होतो. ऊन कलले होते. मागची सीट रिकामी, तिच्यावर थोडी फुले आणि अक्षता. पुलाच्या मध्यावर गाडीने आचका दिला नाही, काही नाही. हिराशेठनीच ती कडेला घेतली आणि आपल्या हाताने इंजिन बंद केले. पुलावर मी ते पहिल्यांदाच पाहत होतो.

"बसा साहेब. आलो," म्हणून ते उतरले. कठड्याच्या कडेने चार पावले गेले, थांबले, वाकले, रस्त्याच्या धुळीत पाहू लागले. गुडघ्यावर हात ठेवून आणखी थोडे पुढे गेले. ओहोटी होती; खाली नुसता चिखल चकाकत होता. ते काय शोधत होते ते मला विचारावे लागले नाही.

मी दार उघडून उतरलो आणि त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो. त्यांनी मान वर केली नाही.

"शेठ," मी म्हणालो, "काकींचं कुंकू मी तुम्हाला न विचारता खरवडलं. माझं चुकलं. मला माफ करा."